जेटमध्ये तार घालू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळ्यात दुचाकी अडखळायला लागली की गावाकडे निदान ठरलेले असते: कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) गेला, नवा टाका. एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसले. पण पांदण रस्त्याने शेतात जाणाऱ्या कितीतरी जुन्या गाड्या अजून कार्बोरेटरवरच चालतात. त्यांचा बिघाड बहुतेक वेळा पाण्याचा नाहीतर कचऱ्याचा असतो.

हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते पाणी ओढते. थोडे पाणी त्यात मिसळून जळून जाते. जास्त झाले की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतात. रिझर्व्हचे पेट्रोल तळातूनच येते, त्यामुळे कॉक (टाकीखालची पेट्रोलची चावी) रिझर्व्हला फिरवला की गाडी मिसिंग करते. इंजिन थंड असताना कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या वाटीखालचा (तिथे पेट्रोल साठते) ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत घ्या आणि पाच मिनिटे थांबा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करावी लागेल. जवळ बिडी-काडी नको. पाणी आत जाते ते बऱ्याचदा टाकीच्या झाकणातून. तोंडाजवळचे निचऱ्याचे छिद्र चिखलाने बुजलेले असते.

गाडी चार-पाच किलोमीटरवर बंद पडते आणि झाकण उघडताच पुन्हा चालू होते? मग कार्बोरेटरला हात लावू नका. झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे.

चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, रेस सोडली की बंद पडते, तेव्हा पायलट जेट तपासा. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची नळी; पायलट कमी रेसला, मेन जास्त रेसला. रेस पूर्ण दिली तरी ओढत नसेल तर मेन जेट किंवा कॉकची जाळी. ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर वाटीत येणारे पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट पिनखाली कचरा अडकलाय किंवा पिनचे टोक झिजले आहे. काळा धूर आणि काळा प्लग दिसला की आधी एअर फिल्टर उघडा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो धुळीने भरलेला असतो.

सगळ्यात मोठे नुकसान तारेने होते. जेट पितळेचे असते, पायलट जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरहून बारीक. क्लचची तार किंवा सुई घातली की ते मोठे होते, गाडी कायमची जास्त पेट्रोल खाते आणि हवा-पेट्रोलचे प्रमाण जुळवणारा स्क्रू कितीही फिरवला तरी सेटिंग बसत नाही. कार्बोरेटर क्लीनर फवारा, मग हवा मारा. रबरी भाग आधी काढून ठेवा. हा प्रमाणाचा स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहा, तितकेच परत सोडा. आत घालताना हलक्या हाताने, नाहीतर टोक तुटते.

पंधरा दिवसांहून जास्त गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करून ठेवावी. आणि पंपचालकांना विनंती: पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीतील पाण्याची तपासणी एक दिवसही चुकवू नका.

— दुचाकी मेकॅनिक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ