फोर बाय फोरचे पैसे, दोन चाकांची जीप

दि. २० नोव्हेंबर २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
नागपूर

विषय : पुढच्या चाकांना ओढ देणारा शाफ्ट (दांडा) काढलेली जीप ‘फोर बाय फोर’ म्हणून भाड्याने दिल्याबद्दल व अनामत रकमेतून केलेल्या कपातीबद्दल तक्रार.

महोदय,

दि. १५ आणि १६ नोव्हेंबर (शनिवार-रविवार) असे दोन दिवस मी आपल्याकडून जीप आणि कॅम्पिंगचा संच भाड्याने घेतला होता. जीपचे भाडे ११,००० रुपये आणि अनामत १०,००० रुपये. साधी गाडी निम्म्या भाड्यात मिळत होती. जास्तीचे पैसे मोजले ते फक्त चारही चाकांच्या ओढीसाठी.

चिखलदऱ्याकडे चढणाऱ्या डोंगराच्या पायथ्याला, धामणगाव गढीच्या पुढे, आमच्या मित्राचं शेत आहे. मुक्काम तिथेच होता. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत गाडी घालायचा प्रश्नच नव्हता, वाघाच्या घरात धुरळा उडवण्यात कसली आली मर्दुमकी! शेतापर्यंत पांदण रस्ता जातो, मधे एक नाला आहे आणि नाल्याच्या पलीकडे काळ्या मातीची चढण. वरच्या शेतातल्या ओलिताचं पाणी त्या चढणीवर झिरपतं. काळी माती ओली झाली की काय होतं ते वऱ्हाडातल्या पोरालाही सांगावं लागत नाही.

नाल्यात उतरण्याआधी गाडी थांबवून मी लिव्हर फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना कमी वेगात जास्त ओढ देणाऱ्या गिअरमध्ये टाकला. डॅशबोर्डवर फोर बाय फोरचा दिवा लागला. पाणी पार झालं, चढणीवर मात्र गाडी जागीच बसली. तीनदा प्रयत्न केला. मागची चाकं गरगर फिरून हातभर खोल गेली, तोवर अंधार पडला. माझा बारा वर्षांचा मुलगा मोबाईलचा उजेड पाडत समोर उभा होता. तो म्हणाला, “बाबा, पुढचं चाक फिरूनच नाही रायलं.” मी उतरून पाहिलं. पांदणीत कापसाचं एक बोंड पुढच्या टायरच्या खाचेत अडकलं होतं, अगदी वरच्या बाजूला. मुलाला बोंडावर नजर ठेवायला सांगून पुन्हा गाडी रेटली. मागे चिखलाचे फवारे उडाले, पण बोंड जागचं हललं नाही.

भीमाने कीचकाला लोळवून दरीत फेकलं, ती कीचकदरी तिथून वरच आहे. आम्हालाही त्या रात्री भीमच लागला असता. शेवटी जवळच्या वस्तीवरचा ट्रॅक्टर आला. चालक साखळी बांधायला गाडीखाली शिरला आणि तिथूनच ओरडला, “भाऊ, याले तर पुढचा शाफ्टच नाही! डिझेल वाचवाले काढला असन.”

मी स्वतः खाली झोपून पाहिलं, फोटोही काढले. ट्रान्सफर केसपासून (पुढच्या-मागच्या चाकांना ओढ वाटून देणाऱ्या पेटीपासून) पुढच्या ॲक्सलला ओढ नेणारा प्रोपेलर शाफ्ट जाग्यावर नाही. तो जिथे जोडतात त्या दोन्ही टोकांच्या फ्लँजवर जुनं, वाळून कडक झालेलं ग्रीस आहे, म्हणजे शाफ्ट काही वाटेत गळून पडलेला नाही. दिव्याचा स्विच ट्रान्सफर केसवर असतो, त्यामुळे शाफ्ट नसला तरी दिवा इमानेइतबारे लागतो. गाडी घेताना मी लिव्हर आणि दिवा दोन्ही तपासले होते. भाड्याची गाडी घेताना पाठीवर झोपून शाफ्ट मोजणारा गिऱ्हाईक आपल्याला भेटला असल्यास कळवावे.

तंबूची चेन तुटकी होती, चारऐवजी तीनच स्लीपिंग बॅग निघाल्या. थंडीत आम्ही पोराला मधे घेऊन निभावलं. त्याबद्दल मी काही मागत नाही.

संताप आला तो सोमवारी, गाडी परत करताना. आपल्या माणसाने ‘क्लच प्लेट जळाली’ म्हणून अनामतीतून ७,५०० रुपये कापले. वर मला ऐकवलं, “फोर बाय फोर लावूनही चढत नाही म्हणजे ड्रायव्हिंगचाच प्रॉब्लेम.” मी क्लच घासला हे कबूल. पण चारही चाकं ओढत आहेत असं समजून घासला, आणि तसं समजायला त्या दिव्याने भाग पाडलं. वीस वर्षं ट्रॅक्टर चालवतो आहे. दोनच चाकं ओढतात हे माहीत असतं तर त्या नाल्यात मी गाडी घातलीच नसती. शाफ्टचे फोटो दाखवले तेव्हा तो म्हणाला, “मेकॅनिकला विचारतो.” आज गुरुवार, अजून कुणाचा फोन नाही.

भाड्याचे ११,०००, कापलेले ७,५०० आणि ट्रॅक्टरला दिलेले १,२०० असे एकूण १९,७०० रुपये पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यात जमा करावेत. न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी अमरावतीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आता राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, नागपूरला खेटे घालावे लागत नाहीत.

आणि पैशांच्याही आधी एक करा. त्या जीपला शाफ्ट बसवा, नाहीतर दारावरचं ‘४×४’चं स्टिकर खरडून काढा. येत्या शनिवारी ती गाडी कुणीतरी बुक केलेलीच असेल.

आपला,
एक ग्राहक
अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती

सोबत : भाड्याची पावती, अनामत कपातीची पावती, गाडीखालचे चार फोटो.