'विकत घेतला' म्हणे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतला डच चित्रकार सालोमन व्हान राउसडालच्या चित्रावरचा लेख वाचला. (पुरवणी रविवारची, आमच्या गावात येते सोमवारी. त्याबद्दल शेवटी.) लेखकमहाशयांचा अभ्यास दांडगा आहे, यात वाद नाही. 1649 सालचे चित्र, नदी, माणसे आणि गुरे भरून पलीकडे निघालेली नाव, सगळे छान समजावून दिले आहे. सोबतच्या छायाचित्रात तुम्ही नेमकी नाव कापून नुसते आभाळ ठेवलेत, ते का, हे कळले नाही. खालच्या प्लायवूडच्या जाहिरातीला जागा हवी असेल.

माझा राग आहे तो एका वाक्यावर. जुलै 1940 मध्ये हिटलरचा उजवा हात गोअरिंग याने गाउडस्टिकर यांचा संग्रह विकत घेतला आणि पुढे हे चित्र हात बदलत बदलत वॉशिंग्टनला गेले, असे लेखात आहे. विकत घेतला! आठवडी बाजारात मेथीची जुडी घ्यावी तसा.

मी 34 वर्षे तलाठी होतो. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे. काम तेच.) खरेदीखत कसे होते हे मला कोणी सांगायला नको. कागदावर रक्कम असते, सह्या असतात, साक्षीदार असतात. सही करणाऱ्याच्या दारात त्या दिवशी कोण उभे होते, ते तेवढे कुठल्याच रकान्यात नसते. गाउडस्टिकर हे अॅमस्टरडॅममधले चित्रांचे ज्यू व्यापारी. 10 मे 1940 ला जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या, 14 मे ला हा माणूस बायको आणि एक वर्षाच्या मुलाला घेऊन बोडेग्राव्हेन नावाच्या जहाजावर चढला. युद्धामुळे जहाजावर दिवे बंद. रात्री मोकळ्या हवेसाठी डेकवर आले आणि अंधारात उघड्या झडपेतून खाली तळात पडून मेले. मालक इंग्लंडमध्ये फाल्मथला पुरलेला, वारस परागंदा, गावात शत्रूची फौज, आणि मागे राहिलेल्या नोकरांच्या सह्या. गोअरिंगने चित्रांसाठी 20 लाख गिल्डर मोजले आणि मीडल नावाच्या त्याच्या माणसाने दुकान, नाव आणि उरलेला माल घेतला. याला तुमचे लेखक खरेदी म्हणतात. आमच्याकडे अशा फेरफाराला निदान नमुना 9 ची नोटीस तरी निघते. मेलेल्याच्या बायकोला हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात.

मेलेल्या माणसाच्या खिशात एक काळी वही होती. तिच्यात 1,113 चित्रांची क्रमवार नोंद. ती वही हरवली असती, तर आज कोणीच काही सिद्ध करू शकले नसते. तुमच्या लेखात या वहीला अर्धे वाक्य मिळाले आहे आणि रंगांच्या थरांना दीड रकाना.

हे सगळे इतके जिव्हारी का लागले, ते सांगतो. माझे वडील, अण्णा, शाळेत चित्रकला शिकवायचे. 1958 साली त्यांनी जलरंगात कृष्णेचे एक चित्र काढले. पूल व्हायच्या आधीचे दिवस. नावेत पाच-सहा माणसे, एक टोपलीवाली, आणि पाण्याला बुजलेले म्हशीचे रेडकू. राउसडालचे नावही अण्णांनी ऐकले नसेल, योगायोग म्हणायचा. चित्र ओले असताना मी, वय वर्षे आठ, त्यावर चहाचा कप ठेवला. डावीकडे आभाळात तपकिरी अर्धा गोल उमटला. अण्णांनी मला मारले नाही. दुसऱ्या दिवशी त्या डागावर त्यांनी पावसाळी ढग चढवला.

1974 मध्ये एका तालुक्याच्या गावच्या संस्थेने प्रदर्शनासाठी चित्र मागून नेले. पावती नाही, चिठ्ठी नाही. 'गुरुजी, आठ दिवसांत आणून देतो' एवढाच काय तो दस्त. अण्णा 1983 ला गेले, तोवर चित्र आले नव्हते. 1991 मध्ये कामानिमित्त त्या संस्थेच्या कार्यालयात गेलो, तर चित्र चिटणीसांच्या खुर्चीमागे. खाली पितळी पट्टी: 'सप्रेम भेट.' कोणाची, ते नाही. मी म्हणालो, हे आमच्या अण्णांचे आहे, उसने दिलेले. चिटणीस हसले. 'भाऊसाहेब, तुम्ही तलाठी ना? मग कागद दाखवा की.' मी कपाच्या डागाचे सांगितले, तर म्हणाले, ढग काय, सगळ्याच चित्रांत असतात. शिपायाकडून चित्र खिळ्यावरून काढवले, कारण मागे अण्णांनी पेन्सिलीने नाव-तारीख लिहिली होती. मागच्या बाजूला सगळीकडे नवा खाकी कागद चिकटवलेला. तो फाडू दिला नाही, 'संस्थेची मालमत्ता' म्हणून. दुसऱ्यांच्या सात-बाऱ्यांवर जन्मभर नोंदी घालणारा मी, माझ्याच बापाच्या चित्राची एक ओळ माझ्याकडे नव्हती.

म्हणून लेखाच्या शेवटी तुमच्या लेखकांनी जो साळसूद प्रश्न विचारला आहे, की इतक्या वर्षांनी परत मागणे कितपत योग्य, त्याचे मला हसू आले. मागितले नव्हते कधी? युद्धानंतर चित्रे जर्मनीतून हॉलंडमध्ये परत आली, ती घरी नाही गेली, सरकारजमा झाली. 1952 मध्ये विधवेने, डेसीने, सरकारशी तडजोड केली. पण ती मीडलच्या व्यवहारापुरती. गोअरिंगकडे गेलेल्या चित्रांवरचा हक्क तिने सोडला नव्हता, हे पुढे सरकारच्याच समितीला मान्य करावे लागले. तडजोडनाम्यात जे गट नंबर लिहिलेत तेवढेच सुटतात, शेजारचे नाही. हे आमच्याकडच्या कोतवालालाही कळते. 1998 मध्ये सुनेने मागणी केली ती फेटाळली. अखेर 2006 मध्ये 202 चित्रे परत दिली, त्यात ही नाव होती. तोवर डेसी गेली होती आणि जहाजावरचा तो तान्हा मुलगाही. आणि 'हात बदलत वॉशिंग्टनला' म्हणजे काय, तर 2007 मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टने ते वारसांकडून रीतसर घेतले आणि गाउडस्टिकर यांच्या स्मरणार्थ कुटुंबाच्या औदार्याने हे शक्य झाले, असे नोंदवले. नावासकट. हीच त्या चित्राची पहिली धड फेरफार नोंद, आणि नेमकी तीच तुमच्या लेखात नाही.

वर्षे होऊन गेली म्हणून वस्तू सापडत नाही असेही नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये याच संग्रहातले एका बाईचे व्यक्तिचित्र अर्जेंटिनात घरविक्रीच्या जाहिरातीत सोफ्याच्या वर टांगलेले दिसले. गोअरिंगच्या आर्थिक सल्लागाराच्या कुटुंबाचे घर होते ते. डच पत्रकारांनी ते हेरले. तुमच्या वार्ताहरांनाही जाहिराती जरा नीट वाचायला सांगा, नाहीतरी बातम्यांपेक्षा त्याच जास्त असतात.

तरी 'विकत घेतला' ऐवजी 'बळजबरीने घेतला' अशी दुरुस्ती छापावी, आणि पहिल्या पानावर नको, पण कोड्याच्या उत्तराखाली तरी नको. पुरवणीबद्दल: दोन वर्षे झाली, आमच्याकडचा एजंट म्हणतो वरूनच येत नाही, तुमचे कार्यालय म्हणते एजंटला विचारा. पैसे मात्र रविवारचेच, एक रुपया जादा.

आपला,
एक निवृत्त तलाठी, जि. सांगली
(नाव छापू नये. त्या संस्थेत माझा पुतण्या नोकरीला आहे.)

ता. क. चिटणीस बदलले, कार्यालयही नव्या इमारतीत गेले, आणि चित्र आता तिथे नाही. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या भिंतीवर नावेत बुजलेले रेडकू असेल, तर चौकट उतरवून खिडकीपाशी तिरपी धरून पाहावी. डावीकडच्या ढगातून कपाचा काठ अजून दिसत असणार.