दोर आधी कोणी ओढला

पिंट्या लेका,

रात्रीचे साडेअकरा झाले, मी हरभऱ्याले पाणी देऊन राहिलो. या आठवड्यात थ्री फेज लाइन रात्रीच येते, म्हणून विहिरीपाशी बाज टाकून मोबाइलवर पिच्चर पाहत बसतो, नाहीतर डोळा लागते अन् दांड फुटून सारं पाणी शेजारच्याच्या वावरात.

परवा हेवनली क्रीचर्स पाह्यला. १९९४ चा आहे, लॉर्ड ऑफ द रिंग्जवाल्या पीटर जॅक्सनचा, अन् केट विन्स्लेटचा पहिलाच पिच्चर. मले वाटलं शाळेतल्या दोन पोट्टींची दोस्ती आहे, पाहू आरामात. आरामात कायचं बावा.

गोष्ट खरी घडलेली आहे, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चची, १९५४ ची. पॉलिन १६ ची, ज्युलिएट १५ ची. एकीचा बाप मासळीच्या दुकानात, दुसरीचा कॉलेजचा मोठा साहेब. एकीले लहानपणी पायाचं दुखणं, एकीले टीबी, त्याच्यावरूनच जमते दोघींचं. मग स्वतःचं राज्य बनवतात, त्याचे राजे-राण्या मातीचे करतात, अन् पिच्चरमध्ये ते मातीचे पुतळे माणसाएवढे होऊन फिरते ना बे, तिथूनच मले कसंतरी व्हायले लागलं. पुढं ज्युलिएटले आफ्रिकेत पाठवायचं ठरते, पॉलिनले संग जायचं असते, अन् दोघींच्या डोक्यात बसते की पॉलिनची आईच आड येऊन राहिली. मोज्यात अर्धी वीट टाकून मारलं त्यायनं तिले.

तो सीन पाहवत नाही हे खरं, पण मले घाम फुटला त्याच्या आधी. तिघी बागेत चहा पितात. आई खूश, पोरगी आज नीट बोलून राहिली म्हणून. बस एवढंच. पॉलिनच्या खऱ्या डायरीतली वाक्यं पिच्चरमध्ये तिच्या आवाजात ऐकू येतात, अन् त्या दिवसाले तिनं डायरीत आनंदाचा दिवस लिहून ठेवलं होतं! वय कमी म्हणून फाशी टळली, ५ वर्षांनी सुटल्या. ज्युलिएट पुढं ॲन पेरी नावानं खुनाच्याच कादंबऱ्या लिहून फेमस झाली, पिच्चर आला तेव्हा लोकायले समजलं की हे तीच. २०२३ मध्ये वारली.

आता हे मी तुलेच काहून सांगून राहिलो, ते समजलं असंन.

आपलंही राज्य होतं ना बे, आठवीत, पऱ्हाटीच्या दोन ओळींच्या मधात. शकुंतला रेल्वेत बसून मुर्तिजापूर अन् तिथून मुंबईले पळायचं होतं, डब्यात ६३ रुपये जमले होते, मंत्रिमंडळ पण ठरलं होतं, दोघांचंच. त्या तिसऱ्याले घ्यायचं नव्हतं आपल्याले. नाव लिहत नाही त्याचं.

तो पोहायले उतरला याच विहिरीत अन् आपण दोर वर ओढला. पायऱ्या नव्हत्याच तेव्हा. पाइप धरून तो आधी हासला, मग शिव्या दिल्या, मग माय माय करायले लागला, अन् आपण काठावर पालथे पडून एकमेकाकडं पाहून हासून राहिलो, पोट दुखेपर्यंत. मग त्याचा आवाजच बंद झाला. तुह्या काकाची बंडी आली नसती तर अजून किती वेळ, मले सांगता येत नाही. काकाले आपण सांगितलं की दोर हातातून सुटला, अन् त्यानंही मान हलवली, ओलाचिंब, काही बोललाच नाही.

एकट्यानं मी ओढला नसता, तूही नसता. पण आधी हात कोणाचा लागला दोराले? मी दोन रात्री हेच आठवून राहिलो. कधी तुहा हात दिसते, कधी माहा.

त्याचा आता फाट्यावर पानठेला आहे. मी रोज जातो, मले न विचारताच माहा खर्रा घोटते. मागच्या उन्हाळ्यात सहज म्हटलं, पोहायले जातं का बे आजकाल? तो म्हणे, नाही. अन् मग, एक देऊ का दोन?

लाइन गेली वाटते, मोटर बंद पडली. दांड पाहून येतो. फोन नको करू, फोनवर तू मस्करी करतं. लिहून पाठव.

तुहा,
गज्या