ॲडव्हान्स परत करणे आणि डबीवरचे नाव दुरुस्त करणे याबाबत

व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग, वंध्यत्व उपचार क्लिनिक यांस,

काल दुपारी तुमच्या कॉल सेंटरशी सत्तावीस मिनिटं बोललो. तो शेवटचा फोन. 27 डिसेंबरपासून सात वेळा केला आणि सातही वेळा पहिलं वाक्य तेच, "सर, फाइल मॅडमच्या नावावर आहे, मॅडमना फोन देता का?" फाइल मॅडमच्या नावावर आहे हे मला ठाऊक आहे. तक्रार तीच आहे.

पॅकेज इक्सीचं, म्हणजे प्रयोगशाळेत सुईने एक शुक्राणू स्त्रीबीजात सोडायचा तो उपचार. त्यात काय धरलंय आणि काय वगळलंय, हे मी तुम्हाला सांगायला नको. ॲडव्हान्स 75,000 रुपये. 19 सप्टेंबरला संध्याकाळी सहाच्या आत भरला, कारण ऑफर सहाला संपत होती. पावतीची झेरॉक्स जोडली आहे. ते पैसे परत हवेत.

त्या दिवशी सकाळी मला वीर्याचा नमुना द्यायला लिफ्टशेजारच्या खोलीत पाठवलं. दाराला कडी लागत नव्हती, म्हणून मी खुर्ची ओढून दाराला लावली. सात-आठ मिनिटं झाली असतील, तेवढ्यात तुमच्या एका पोराने दार वाजवलं, "सर, झालं का? बाहेर दोघं थांबलेत." असो. ते मी सोडून देतो. सोडून देत नाही ते डबीवरचं स्टिकर. बोटभर उंचीची प्लॅस्टिकची डबी, वर बारकोड, आणि बारकोडखाली माझ्या बायकोचं नाव. वय 33, लिंग स्त्री. मी काउंटरवर म्हटलं, "अहो, नाव चुकलंय." तर उत्तर आलं, "नाही सर, पेशंट मॅडम आहेत ना. तुम्ही पार्टनर. सिस्टिम पार्टनरचा बारकोड काढत नाही."

म्हणजे कागदोपत्री ते वीर्य माझ्या बायकोचं. रिपोर्टही तसाच आला. तपासणी वीर्याची, लिंग स्त्री, खाली पॅथॉलॉजिस्टची सही. सही करणाऱ्याने वर काय लिहिलंय ते वाचलं तरी होतं का?

मी भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे पंचवीस रुपयांच्या बुशलासुद्धा स्वतःचा टॅग असतो. शेजारच्या ट्रेचा टॅग लागलेला दिसला तर अख्खा ट्रे बाजूला निघतो, मग माल कितीही चांगला असो. त्यामुळे तुमचा रिपोर्ट मी सवयीने आकड्यांच्या आधी वरच्या ओळींपासून वाचला. नमुना दिल्याची वेळ 9:40. तपासल्याची वेळ 12:25. पावणेतीन तास ती डबी कुठे पडली होती? शुक्राणूंची हालचाल तासाभराच्या आत बघायची असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तिकेत ते आहे आणि तुमच्या भिंतीवरच्या पोस्टरवरही आहे. मी डबी हातात धरून उभा असताना तेच वाचत होतो, दुसरीकडे बघवत नव्हतं म्हणून. पुढे 'किती दिवसांचा संयम' या रकान्यात "3 दिवस". कुणी विचारलं मला? मी अकरा दिवस चेन्नईच्या प्लांटला होतो, आदल्या रात्री उतरलो. दोन ते सात दिवस चालतात, अकरा नाही. पण विचारणार कोण, फॉर्मवर पेशंट मी नव्हतोच.

त्याहून मोठी गोष्ट ऑगस्टमधली. शेवटच्या आठवड्यात मला डेंगी झाला होता. ताप 103, प्लेटलेट 41 हजारांवर, पाच दिवस सलाइन. शुक्राणू तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. मोठा ताप येऊन गेला की पुढचे दोन-तीन महिने काउंट पडलेला राहू शकतो. हे मला डिसेंबरमध्ये कळलं, तेही दुसऱ्या डॉक्टरांकडून. तुमच्या फॉर्मवर हिच्यासाठी चार पानं होती. पाळी पहिल्यांदा कधी आली इथपासून सगळं. माझ्यासाठी तीन रकाने: नाव, वय, मोबाइल. ताप येऊन गेला का, लहानपणी काही ऑपरेशन झालं का, जिमची इंजेक्शनं घेता का, काही नाही. मोबाइल मात्र हवा होता, आणि फोन मात्र हिलाच करता.

रिपोर्टचा आकडा आला दर मिलीलिटरला 18 लाख, हालचाल 4 टक्के. 2021 च्या पुस्तिकेप्रमाणे खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 42 टक्के. तेव्हा हे माहीत नव्हतं, आता झोपेतही सांगेन. त्या एका कागदावर अर्ध्या तासात आम्हाला काउन्सेलरपुढे बसवलं. त्यांच्या टेबलावर टिश्यूचा डबा आणि कार्डाचं मशीन शेजारी शेजारी होतं. "नॅचरली शक्यच नाही. आययूआयमध्ये वेळ घालवू नका. थेट इक्सी करा, मॅडमचं वय निघून चाललंय." आययूआय म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडायचं, इक्सीपेक्षा साधा उपचार. हिचं वय 33, एएमएच, म्हणजे स्त्रीबीजांचा साठा सांगणारी रक्ततपासणी, चांगलं, गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या मोकळ्या, सगळे रिपोर्ट त्यांच्यासमोर. टिश्यू मला लागला, कार्ड हिने दिलं.

आमच्याकडे एका पीसवरून लॉट रिजेक्ट करत नाहीत. पुन्हा मोजतात, दुसऱ्या माणसाकडून, दुसऱ्या गेजने. वीर्याच्या बाबतीतही एक रिपोर्ट खराब आला तर पुन्हा तपासायचं असतं, हे तुम्हाला मी सांगावं? इक्सी करू नये असं मी म्हणत नाही. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे, आम्हालाही कदाचित लागेल. पण ते ठरवायच्या आधी मला एकदा तपासायचं तरी होतं. मला, डबीला नव्हे.

डिसेंबरमध्ये आम्ही पुरुषांच्या वंध्यत्वाचं बघणाऱ्या एका युरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी उभं केलं, जोर लावायला सांगितलं, हाताने तपासलं. दहा मिनिटांत डाव्या बाजूचं व्हेरिकोसील, म्हणजे अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा, सापडलं. "आधी कुणी तपासलं नव्हतं?" मी म्हटलं, "रिपोर्ट तपासला होता." ते हसले नाहीत. 23 डिसेंबरला पुन्हा नमुना दिला, माझ्या नावाच्या डबीत. 1 कोटी 10 लाख, हालचाल 36 टक्के. अजून कमीच आहे, चमत्कार वगैरे झालेला नाही. आधी ऑपरेशन, मग तीन ते सहा महिन्यांनी परत तपासणी, मग आययूआय की इक्सी ते बघू, असं ते म्हणाले. म्हणजे विचार करायला वेळ होता. तुमच्याकडे तो संध्याकाळी सहापर्यंतच होता.

आता कालचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, "प्रशिक्षणासाठी". जरूर वापरा.

साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली. यातलं काही कामावर कुणाला माहीत नाही, घरी आईलाही नाही, म्हणून मी शॉपमधल्या कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन उभा राहिलो. तिथे शेजारच्या माणसाचंही ऐकू येत नाही. पहिली नऊ मिनिटं होल्ड. होल्डवर तुम्ही बाळाचं खिदळणं लावलंय. ज्याने ते निवडलं त्याला नऊ मिनिटं तेच ऐकवा. मग एक मुलगी आली. "सर, आवाज येत नाहीये, जरा मोठ्याने बोलता का?" म्हटलं, तपासणीबद्दल आहे. "कुठली तपासणी सर?" सप्टेंबरची. "सर, मॅडमच्या फाइलवर सप्टेंबरमध्ये चार तपासण्या दिसतायत, त्यातली कुठली?" मी दोनदा हळू आवाजात सांगितलं. "सॉरी सर, ऐकू नाही आलं." शेवटी मी ओरडलो, "वीर्याची! माझ्या वीर्याची तपासणी!"

आणि त्याच क्षणी प्रेशर भरून कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला.

सुट्टीमुळे दुसरं एकही मशीन चालू नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये माझाच शब्द मला परत ऐकू आला. पलीकडे सहा जण डबे उघडून बसले होते. एकाचा घास हातातच राहिला. कुणी हसलं नाही. थोड्या वेळाने आमचा जुना फिटर उठला आणि काही न बोलता त्याने ब्लोअर पंखा फुल्लवर लावला, म्हणजे माझं बोलणं पुढे ऐकू जाऊ नये. जानेवारीत. तुमच्या अख्ख्या कंपनीत एवढी अक्कल मला कुणाकडे दिसली नाही.

ती मुलगी मात्र पुढे गेली होती. "ओके सर, म्हणजे तुमच्या वाइफच्या सीमेन टेस्टबद्दल ना?"

वाइफच्या. तिला दोष नाही, स्क्रीनवर होतं ते तिने वाचलं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि ॲडव्हान्स परत मागितला. "सर, पॅकेज नॉन-रिफंडेबल आहे. पण एक ऑप्शन आहे. तुमच्या नात्यात किंवा ओळखीत दुसरं कुणी कपल असेल तर पॅकेज त्यांना ट्रान्सफर करता येईल." मला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. परत विचारलं. तिने परत सांगितलं, तितक्याच गोड आवाजात. "भाऊ, बहीण, कुणीही चालेल सर. फक्त व्हॅलिडिटी मार्चपर्यंत आहे."

म्हणजे मी काय करायचं? धाकट्या भावाला फोन लावू? त्याला दोन मुलं आहेत. "अरे, माझ्याकडे एक इक्सी शिल्लक आहे, मार्चच्या आत वापरून टाक"? की बायकोने हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटायची? तीळगूळ घ्या, इक्सी घ्या. ही योजना ज्या मीटिंगमध्ये ठरली, तिथे बसलेल्यांपैकी एकाच्या तरी घरात हा प्रश्न कधी आला होता का? नात्यात पॅकेज द्यायचं तर आधी नात्यात सांगावं लागतं, एवढंही कुणाच्या लक्षात आलं नाही?

मी विचारलं, तक्रार निवारण कक्षाला जोडून द्या. म्हणाली, "सर, मीच आहे." 2021 च्या एआरटी कायद्याने, म्हणजे वंध्यत्वाच्या अशा उपचारांसाठीच्या कायद्याने, तुमच्यासारख्या प्रत्येक क्लिनिकला असा कक्ष ठेवणं बंधनकारक आहे. उपचाराचे परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला नीट समजावून सांगणंही. कार्डाच्या मशीनशेजारी बसून दिलेली सहापर्यंतची मुदत त्यात बसते का, ते तुमच्या वकिलांना विचारा.

फोन ठेवल्यावर मिनिटभरात मेसेज, "आमच्या सेवेला 1 ते 5 पैकी किती गुण द्याल?" तोही मला नाही, हिच्या मोबाइलवर. हिने 5 दिले. म्हणाली, "त्या पोरीची नोकरी जायची उगाच."

ही अशी आहे. चार वर्षांत हिची नळ्यांची तपासणी झाली, दुर्बीण झाली, सोळा सोमवार झाले. डोहाळजेवणाला ओटी भरायची वेळ आली की ही आपणहून स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरायला लागते. माझी पहिली तपासणी चौथ्या वर्षी. त्यात माझीही चूक आहे, दोन वर्षं मी "पुढच्या महिन्यात बघू" करत राहिलो. ते आमचं आम्ही बघून घेऊ. पण हिनेच एकदा नाशिक फाट्यावर तुमचं होर्डिंग दाखवलं, "बघा, यांनी दोघांनी या असं लिहिलंय." म्हणून मी तयार झालो. स्वस्त म्हणून आलो नव्हतो, कुणाच्या शिफारशीने आलो नव्हतो, त्या दोन शब्दांवर आलो होतो. निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं हे तुमच्याच माहितीपत्रकात दुसऱ्या पानावर छापलंय. होर्डिंग आता रोज बघतो. आई पूर्ण, बाळ पूर्ण, बापाचा फक्त खांदा.

पैशांबद्दल परत सांगतो, कारण सात वेळा सांगून झालं नाही. 75,000 पूर्ण हवेत. इंजेक्शन एकही सुरू झालेलं नाही, तुमचा खर्च शून्य. शिवाय पावतीत 11,441 रुपये जीएसटी लावलाय, 'वेलनेस' या नावाखाली. आयव्हीएफसारखे उपचार आरोग्यसेवेत येतात आणि त्यांना जीएसटी नाही, हे ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. मग तुम्ही आमच्याकडून वेलनेस कसला घेतला? आणि तो रिपोर्ट हिच्या फाइलमधून काढून माझ्या नावावर करा. उद्या एखादा डॉक्टर हिची फाइल उघडेल, त्याला काय समजायचं?

पंधरा दिवस देतो. नाहीतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, मग पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, आणि एक प्रत एआरटी कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे. तिथे सगळं उघड बोलावं लागेल हे मला माहीत आहे. काल सहा जणांसमोर बोलून झालंय, आता त्याचं काही वाटत नाही.

उत्तर लेखी द्या, पोस्टाने. फोन करू नका. आणि पाकिटावर माझं नाव घाला, हिचं नको.

आपला,
तुमच्या सिस्टिममधला पार्टनर

सोबत: पावती, 19 सप्टेंबर आणि 23 डिसेंबरचे रिपोर्ट, डबीवरच्या स्टिकरचा फोटो