माळ्यावरची चित्रं खाली काढा : आबालाल रहिमान यांच्या प्रदर्शनासाठी आवाहन

कोल्हापूरकरांनो, नमस्कार.

विद्यापीठाच्या कलादालनात आबालाल रहिमान यांच्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं आहे. दालन मिळालं, भिंती रंगवून झाल्या. अडलंय ते चित्रांपाशी.

आबालाल मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि १९३१ साली गेले. कोटितीर्थ, रंकाळा, पंचगंगेचा काठ हे त्यांचे विषय. पाण्यावरचा उजेड ते छोट्या छोट्या फटकाऱ्यांनी उभा करत. जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे ठिपके, चार पावलं मागं सरलं की तळं. त्यांना इंप्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा उजेड फटकाऱ्यांनी टिपणाऱ्या युरोपीय चित्रकारांच्या पंथातले, म्हणावं की नाही, हा वाद चहाच्या गाड्यावर घालू. इथल्या आधुनिक निसर्गचित्रणाची वाट त्यांच्यापासून निघते, एवढं आम्ही मानतो.

टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची काही चित्रं आहेत. महाराज गेल्यावर आबालालांनी आपली कितीतरी चित्रं कोटितीर्थात सोडली, असं जुनी माणसं सांगतात. खरं-खोटं तळ्यालाच ठाऊक. पण जी पाण्यात गेली नाहीत, त्यातली काही आपल्याच पेठांमधल्या वाड्यांत, ट्रंकांत, देवघराच्या मागं असतील, अशी आशा आहे. तेव्हा एकदा माळा बघाच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात किती कागद भिजले, हे नदीकाठच्या घरांना सांगायला नको.

एखादं जुनं चित्र सापडलं, सही लागत नसली तरी, आम्हाला दाखवा. मात्र ते पुसू नका, उन्हात वाळवू नका, लॅमिनेशन तर अजिबात करू नका. तपकिरी डाग दिसले, कागद काचेला चिकटला असेल, तर आहे तसंच आणा. ओढून काढलं की रंग काचेवर राहतो. चित्र उसनं घेताना फोटोसह लेखी पोच देऊ, विमा उतरवू आणि प्रदर्शन संपलं की घरपोच परत करू. नाव छापायचं की नाही, ते तुम्ही सांगाल तसं.

आता पैशाचं. जलरंगाला ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड सोसत नाही, दालनातले दिवे मात्र लग्नाच्या हॉलसारखे आहेत. ते बदलायचे आहेत. चित्रांमागचे जुने पुठ्ठे आम्लामुळं कागद पिवळा करतात, तिथं आम्लविरहित पुठ्ठा घालायचा आहे. शिवाय विमा आणि वाहतूक. जमेल ती रक्कम द्या, पावती मिळेल. तालीम मंडळांनी एकेका चित्राच्या चौकटीचा खर्च उचलला तर फार बरं होईल.

चित्र किंवा वर्गणी घेऊन दालनात यायचं, सोमवार ते शनिवार, ११ ते ५. पाऊस असेल तर चित्र आणू नका, फक्त निरोप द्या, आम्हीच घरी येऊ. आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर रविवारी सकाळी जुन्या चौकटी घासायला चार हात कमी पडतायत. चहा-मिसळ आमच्याकडून.

– प्रदर्शन समिती, कोल्हापूर