दोन कंपन्या, रांग एकच

आइंडहोवन, नेदरलँड्स

ती. काका,
सा. नमस्कार.

परवा फोनवर तुमचा प्रश्न अर्धवटच राहिला. ‘इंटेल आणि एएमडी एकमेकींवर टपून बसल्या आहेत म्हणतोस, मग प्रोसेसरचा तुटवडा होतोच कसा? एकीकडे नसेल तर दुसरीकडून घ्यावा.’ आयुष्यभर हिशेब सांभाळलेल्या माणसाने हेच विचारावं. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

इंटेलची सगळी ताकद एका गोष्टीत होती: चिपचं डिझाइनही तिचं आणि कारखानाही तिचाच. एएमडीला ते परवडेना. तिने २००९ मध्ये कारखाने वेगळे काढले, त्यांची ग्लोबलफाउंड्रीज झाली. २०११ चा तिचा ‘बुलडोझर’ प्रोसेसर नावाला जागला नाही आणि पुढची काही वर्षं स्पर्धा फक्त नावापुरती उरली. लिसा सू २०१४ मध्ये एएमडीच्या प्रमुख झाल्या, २०१७ मध्ये तिचा ‘रायझन’ प्रोसेसर आला, आणि नेमक्या त्याच काळात इंटेलची गाडी रुतली.

रुतली ती १० नॅनोमीटरपाशी. हे चिप घडवायच्या तंत्राच्या एका पिढीचं नाव; आकडा जितका लहान तितकी चिपची रचना बारीक. जुलै २०१५ मध्ये तेव्हाचे प्रमुख ब्रायन क्रझानिच यांनी ही पिढी २०१७ च्या उत्तरार्धात येईल असं सांगितलं, तेही आधीची तारीख पुढे ढकलूनच. २०१८ च्या मे महिन्यात लॅपटॉपसाठी एक छोटा कोअर आय-३ दिसला, त्यातला ग्राफिक्सचा भाग बंद ठेवलेला! मला तर ती तारीख पाळल्याचं दाखवण्यापुरती हजेरी वाटली. खरा माल २०१९ मध्ये यायला लागला.

कारण ऐका, कारण यात आळस नव्हता, हाव होती. त्याच जागेत २.७ पट ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधले सूक्ष्म स्विच, बसवायचे. चिपवरची नक्षी प्रकाशाने उमटवतात, आणि इथे प्रकाश होता जुनाच, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा. इतक्या बारीक रेषा त्या प्रकाशाने एका फटक्यात उमटत नाहीत. एकच थर टप्प्याटप्प्याने आखावा लागतो, आणि दर टप्प्यागणिक चूक होण्याची जागा वाढते. त्यात सगळ्यात बारीक तारांसाठी तांब्याऐवजी कोबाल्ट वापरायचं ठरलं. इतक्या नव्या गोष्टी एकदम आल्यावर वेफरवरच्या, म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप्स घडवतात तिच्यावरच्या, चांगल्या निघणाऱ्या चिप्सचं प्रमाण घसरलं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. १० नॅनोमीटरवर जायचा माल १४ वरच अडकला. एवढ्यानेही भागलं असतं, पण रायझनला तोंड द्यायचं म्हणून इंटेलने २०१७ आणि २०१८ मध्ये एका प्रोसेसरमध्ये चारच्या जागी सहा आणि मग आठ कोअर, म्हणजे गणना करणारे भाग, दिले. कोअर वाढले की चिप मोठी होते, आणि चिप मोठी झाली की त्याच वेफरमधून नग कमी निघतात. म्हणजे काका, स्पर्धेमुळे टंचाई हटली नाही, उलट वाढली! सप्टेंबर २०१८ मध्ये इंटेलचे तेव्हाचे हंगामी प्रमुख बॉब स्वान यांनी ग्राहकांना जाहीर पत्र लिहून पुरवठ्याची ओढाताण कबूल केली आणि आणखी १ अब्ज डॉलर ओतत असल्याचं सांगितलं. महागडे सर्व्हर प्रोसेसर आधी, स्वस्त मागाहून, असा क्रम लागला.

मग एएमडीने का नाही भरून काढलं? तिच्या हातात कारखाना नव्हता. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचा नाद सोडला, आणि त्या पिढीच्या चिप्ससाठी एएमडीचा सगळा भरवसा इतरांच्या चिप्स घडवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीवर आला. तिथे वेफर आधीपासून ठरवून ठेवावे लागतात, आणि वेफर आत गेल्यापासून चिप बाहेर पडेपर्यंत महिने जातात. २०२० मध्ये रायझन, सर्व्हरचे एपिक, ग्राफिक्स कार्ड आणि सोनी व मायक्रोसॉफ्टच्या नव्या गेमिंग कन्सोलच्या चिप्स असं सगळंच एएमडीला त्याच ७ नॅनोमीटरवर हवं होतं. तिची स्पर्धा स्वतःशीच लागली होती.

त्याहून मजेशीर अडचण खालच्या पाटीची. चिप ज्या सब्स्ट्रेटवर बसते त्यात एबीएफ नावाची पातळ इन्सुलेशनची फिल्म लागते. ती करते जपानची अजिनोमोटो, होय, तीच! २०२१ मध्ये सब्स्ट्रेट कमी पडत असल्याचं दोन्ही कंपन्या सांगत होत्या.

मी राहतो तिथून फेल्डहोवन अगदी जवळ. तिथली एएसएमएल ही चिपवर नक्षी उमटवणारी यंत्रं करणारी कंपनी. तिची ईयूव्ही, म्हणजे फारच कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश वापरणारी, यंत्रं दुसरं कोणीही बनवत नाही. वितळलेल्या कथिलाचे थेंब सेकंदाला ५०,००० वेळा लेझरने फोडून १३.५ नॅनोमीटरचा प्रकाश काढतात. इंटेलने २०१२ मध्येच या कंपनीत पैसा गुंतवला होता, तरी ईयूव्हीवर घडवलेला तिचा पहिला प्रोसेसर बाजारात आला तो डिसेंबर २०२३ मध्ये. टीएसएमसी तोवर कितीतरी पुढे गेली होती. पैसा लावूनही इंटेल मागे राहिली, हे मला अजून पचत नाही.

आणि २०२४ च्या ‘लुनार लेक’ या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये तर इंटेलने मुख्य गणनेचा भागच टीएसएमसीकडून करून घेतला. दुकानात दोन नावं समोरासमोर, मागे मात्र एकाच दाराशी उभी. तेव्हा ‘दुसरीकडून घ्यावा’ म्हणताना ते दुसरीकडे नेमकं कुठे, हे आधी बघावं लागतं.

राहिला तुमच्या नव्या कॉम्प्युटरचा विषय. पुढच्या पिढीच्या जाहीर तारखेसाठी थांबू नका, आज मिळतंय त्यातलंच घ्या. कागदपत्रं आणि व्हिडिओ कॉल यांना ते भरपूर होईल. कोणता घ्यावा ते रविवारी फोनवर ठरवू, तोवर दोन-तीन मॉडेलं लिहून ठेवा.

काकूंना नमस्कार. आईला पत्र वाचून दाखवलंत तर अजिनोमोटोचा परिच्छेद चुकवू नका.

तुमचा,
अभय