आंबोलीचं जंगल राष्ट्रीय उद्यान करा

मा. संपादक,
स. न.

पावसाळ्यात दर सोमवारी आंबोलीच्या गर्दीचे फोटो वर्तमानपत्रात येतात. धबधब्याखाली भिजणारी मंडळी, गाड्यांची रांग, भाजलेली कणसं. त्याच रस्त्यावर रात्री काय चिरडलेलं असतं, त्याचा फोटो मी पाहिलेला नाही. म्हणून हे पत्र.

मी एसटीत चालक होतो. नोकरीतली बरीच वर्षं सावंतवाडी-आंबोली-आजरा याच रस्त्यावर गेली. मृगाआधीचा पहिला जोरदार पाऊस पडला की रात्रीच्या फेरीला दाणोली सोडल्यापासून हात आखडायचे. दिव्यांच्या उजेडात रस्ताच हलताना दिसे. बेडूक, कुर्ल्या, मधूनच एखादा साप. एकदा घाट संपल्यावर गाडी बाजूला घेऊन खाली उतरलो. मागून एक आजी ओरडल्या, "गाडी कित्याक थांबयलंस रे?" त्यांना काय सांगणार? डांबराला चिकटलेले बोटाच्या पेराएवढे बेडूक होते, पिवळसर, अंगावर पट्टे. पुढे विजेऱ्या घेऊन येणाऱ्या मुलांनी फोटो दाखवला तेव्हा ओळखले. आंबोली टोड! शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली आणि आज तो अतिसंकटग्रस्त आहे. आम्ही आपले त्याला नुसता बेडूक म्हणायचो.

संरक्षण काहीच नाही, असं नाही. हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या देवाच्या माशासाठी 2021 मध्ये 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. आंबोली-दोडामार्ग हे सुमारे 57 चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर झालं. पण तिथली व्यवस्थापन समिती कायद्यानेच फक्त सल्ला देणारी. राष्ट्रीय उद्यानाचं तसं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 35 प्रमाणे त्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. राधानगरीपासून तिलारी, म्हादई, भीमगडपर्यंत जंगलाची जी पट्टी आहे, तिच्या मधल्या दुव्याला एवढी बळकटी हवीच.

राष्ट्रीय उद्यान म्हटलं की गावात माणसं दचकतात, आणि त्यांचं चुकत नाही. तिथे गुरं चारायला बंदी असते. चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या विस्थापितांची गाऱ्हाणी कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रवाशांकडून मी गाडीत ऐकली आहेत. आंबोली, चौकुळ, गेळे इथला कबुलायतदार गावकर जमिनीचा, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या मालकीचा, घोळ तर पिढ्यान् पिढ्या चालला आहे. त्यात वरून आणखी एक शिक्का नको. म्हणून उद्यान फक्त सरकारी राखीव वनात करावं. गावठाण, शेती, गावाची चराई हद्दीबाहेर ठेवावी, आणि नकाशा मुंबईत नक्की होण्याआधी तिन्ही गावांच्या ग्रामसभांसमोर ठेवावा. गावालगतचे सडे, म्हणजे कातळाची पठारं, मग उद्यानात येणार नाहीत, हे मला कळतं. तिथल्या डबक्यांसाठी वारसा स्थळाचाच मार्ग धरावा.

राहिला रस्ता. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारा महामार्ग 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो. रुग्णवाहिका आणि मोजक्या एसटी गाड्या तेवढ्या सोडतात. आपल्याकडे बारा महिने बंदी नको. जून ते सप्टेंबर पुरे. चालकानेच रस्ता बंद करा म्हणावं, हे माझ्या जुन्या सोबत्यांना रुचणार नाही. हॉटेलवाल्यांनाही नाही. पण रात्री अकरानंतर घाटात थांबून गाणी लावणारे त्यांच्याकडे जेवायला येत नाहीत, बाटल्या टाकून जातात.

शेवटची गाडी साडेआठच्या आत घाट चढून जाईल, असं वेळापत्रक बसवता येतं. कोणत्या फेऱ्या पुढे-मागे कराव्या लागतील ते मी कागदावर मांडून ठेवलं आहे. कोणी मागितलं तर आणून देईन.

आपला,
एक निवृत्त एसटी चालक, सावंतवाडी